क्यूबन स्थलांतरित समाज, अमेरिकेतील : आरोग्य, शिक्षण व समाजसेवा

क्यूबातून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जाऊन स्थायिक झालेल्या लोकांच्या आरोग्य, शिक्षण व समाजकल्याणविषयक गरजा आणि त्या भागविण्यासाठी शासन, धर्मसंस्था व स्वतः स्थलांतरित यांनी उभारलेली व्यवस्था यांचा इतिहास. २०२० च्या सुमारास अमेरिकेतील क्यूबन वंशाच्या लोकांची संख्या सु. २४ लाख होती. त्यांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश लोक फ्लॉरिडा राज्यात, मुख्यत्वे मायॅमी व हायालीया या नगरांच्या परिसरात राहतात. न्यू जर्सी राज्यातील युनियन सिटी व वेस्ट न्यूयॉर्क ही त्यांची दुसरी जुनी केंद्रे होत. हा समाज एकाच वेळी आलेला नाही. भिन्न काळी, भिन्न वर्गांतून आणि भिन्न कायदेशीर दर्जा घेऊन तो आला. त्यामुळे त्याच्या गरजाही प्रत्येक लाटेबरोबर बदलत गेल्या.

प्रारंभीची वसाहत : स्पेनच्या सत्तेविरुद्धच्या दहा वर्षांच्या युद्धकाळात (१८६८–७८) अनेक क्यूबन कुटुंबे फ्लॉरिडातील की वेस्ट बेटावर आली. तेथे १८७१ मध्ये सान कार्लोस ही शिक्षणसंस्था स्थापन झाली. १८८५-८६ मध्ये व्हिसेंते मार्तीनेस ईबोर या चिरूट-कारखानदाराने टँपाजवळ ईबोर सिटी ही कामगार-वसाहत वसविली. कारखान्यांत कामगार चिरूट वळीत असताना त्यांच्याच वर्गणीतून नेमलेला वाचक त्यांना वृत्तपत्रे व कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवीत असे. निरक्षर कामगारांचे हेच लोकशिक्षण होते.

आरोग्याची व्यवस्थाही वर्गणीवरच उभी होती. हाव्हॅनामधील स्पॅनिश प्रादेशिक मंडळे सभासदांना अल्प वर्गणीत वैद्य, औषधे व रुग्णालय उपलब्ध करून देत. त्याच धर्तीवर टँपात सेंत्रो एस्पान्योल (१८९१) व सेंत्रो आस्तुरियानो (१९०२) ही स्पॅनिश मंडळे निघाली. क्यूबन लोकांनी सिर्कुलो कुबानो हे आपले मंडळ काढले. दक्षिणेकडील राज्यांच्या वर्णविभेदाच्या कायद्यांमुळे कृष्णवर्णीय क्यूबनांना मात्र वेगळे व्हावे लागले. त्यांचे ‘ला उनियोन मार्ती-मासेओ’ हे मंडळ १९०४ मध्ये दोन संस्थांच्या एकीकरणातून निर्माण झाले. स्वावलंबी आरोग्यसेवेची ही परंपरा पुढे मायॅमीतही प्रकट झाली.

क्रांतीनंतरचे निर्वासित : १ जानेवारी १९५९ रोजी बातीस्ता याने क्यूबातून पलायन केले व फिडेल कास्ट्रोच्या नेतृत्वाखाली क्रांतिकारक सत्तेवर आले. त्यानंतर १९६२ च्या अखेरपर्यंत दोन लाखांहून अधिक लोक अमेरिकेत आले. त्यांत जमीनदार, व्यापारी, वकील, वैद्य व शिक्षक यांचे प्रमाण मोठे होते. मालमत्ता मागे ठेवून आलेल्या या सुशिक्षितांना मायॅमीत हॉटेलांतील व कारखान्यांतील हलकी कामे स्वीकारावी लागली.

निर्वासितांचा भार धर्मसंस्था व स्थानिक प्रशासन यांना पेलवेनासा झाल्यावर आयझनहौअर शासनाने डिसेंबर १९६० मध्ये मायॅमीत एक आपत्कालीन केंद्र उघडले. फेब्रुवारी १९६१ मध्ये केनेडी शासनाने आरोग्य, शिक्षण व कल्याण खात्याच्या अखत्यारीत ‘क्यूबन निर्वासित कार्यक्रम’ सुरू केला. १९६२ च्या कायद्याने त्यास कायम स्वरूपाचा आधार मिळाला. दरमहा रोख मदत, अन्नवाटप, वैद्यकीय तपासणी व उपचार, इंग्रजीचे वर्ग, व्यवसायशिक्षण, विद्यार्थ्यांना कर्जे आणि मायॅमीबाहेर पुनर्वसन ही त्याची प्रमुख अंगे होत. १९६२ ते १९७४ या काळात हे काम मायॅमीतील ‘फ्रीडम टॉवर’ या इमारतीतून चाले. क्यूबन लोक तिला ‘एल रेफुहियो’ म्हणजे आश्रयस्थान म्हणत. सु. तीन लाख लोकांचे अन्य राज्यांत पुनर्वसन करण्यात आले, तथापि त्यांतील पुष्कळजण पुढे मायॅमीस परतले. परदेशी निर्वासितांसाठी अमेरिकन शासनाने आपल्याच भूमीवर इतके व्यापक साहाय्य यापूर्वी दिले नव्हते. शीतयुद्धातील राजकीय हेतू त्यामागे उघड होता. मायॅमीतील कृष्णवर्णीय नागरिकांत त्यामुळे असंतोष निर्माण झाला, कारण पिढ्यान्‌पिढ्या दारिद्र्यात असूनही त्यांना अशी मदत कधी लाभली नव्हती.

एकाकी मुले : मुलांवरील पालकांचा अधिकार नवे शासन हिरावून घेणार, या भीतीने अनेक आईबापांनी आपली मुले एकटीच अमेरिकेत धाडली. डिसेंबर १९६० ते ऑक्टोबर १९६२ या काळात अशी १४,००० हून अधिक मुले आली. ही मोहीम ‘पेद्रो पान’ या नावाने ओळखली जाते. मायॅमीच्या कॅथलिक कल्याण संस्थेचे फादर ब्रायन वॉल्श हे तिचे सूत्रधार होते. सुमारे निम्म्या मुलांना नातेवाइकांनी वा परिचितांनी सांभाळले. उरलेल्यांना फ्लॉरिडा सिटी, केंडल, मेटकंबी इ. शिबिरांत ठेवून तेथून अनेक राज्यांतील पालक-कुटुंबांत व अनाथाश्रमांत पाठविण्यात आले. ऑक्टोबर १९६२ मधील क्षेपणास्त्र-पेचप्रसंगामुळे विमानवाहतूक बंद पडली आणि काही महिन्यांचा मानलेला वियोग अनेकांच्या बाबतीत काही वर्षांचा झाला. आईबाप आले तेव्हा काही मुले स्पॅनिश विसरत चालली होती. या मुलांच्या भावनिक गरजांकडे त्या वेळी फारसे लक्ष दिले गेले नाही.

शिक्षण : डेड परगण्याच्या शाळांत अल्पावधीत हजारो स्पॅनिशभाषक मुले दाखल झाली. सप्टेंबर १९६३ मध्ये मायॅमीच्या कोरल वे प्राथमिक शाळेत फोर्ड प्रतिष्ठानाच्या साहाय्याने द्विभाषिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला. स्पॅनिशभाषक व इंग्रजीभाषक मुले तेथे दिवसाचा काही भाग एका भाषेतून, तर उरलेला भाग दुसऱ्या भाषेतून शिकत. निर्वासित क्यूबन शिक्षकांना त्यामुळे आपल्या व्यवसायात पुन्हा प्रवेश मिळाला. दुसऱ्या महायुद्धानंतरचा हा अमेरिकन सार्वजनिक शाळेतील पहिला महत्त्वाचा द्विभाषिक उपक्रम समजला जातो. १९६८ मध्ये संघराज्याचा द्विभाषिक शिक्षण कायदा संमत झाला.

भाषेचा प्रश्न शाळेपुरता मर्यादित राहिला नाही. १९७३ मध्ये डेड परगण्याने स्वतःला द्विभाषिक घोषित केले. नोव्हेंबर १९८० मध्ये मतदारांनी ते धोरण फिरवून परगण्याचा पैसा इंग्रजीशिवाय अन्य भाषेवर खर्च करण्यास मनाई केली. हा निर्बंध १९९३ मध्ये उठला.

आरोग्य : क्रांतीपूर्वी क्यूबात सु. ६,००० वैद्य होते. त्यांपैकी जवळजवळ निम्मे १९६० नंतरच्या काही वर्षांत देश सोडून गेले. त्यांना अमेरिकन परवाना-परीक्षेस बसता यावे, म्हणून मायॅमी विद्यापीठाने डॉ. राफाएल पेन्यालव्हेर यांच्या पुढाकाराने खास अभ्यासक्रम चालविला. हे वैद्य व्यवसायात आल्यावर मायॅमीत हाव्हॅनाच्या पद्धतीचे खाजगी दवाखाने निघाले. ठराविक मासिक वर्गणी, स्वभाषक वैद्य व जवळच औषधे ही त्यांची वैशिष्ट्ये होत. विमा नसलेल्या व इंग्रजी न येणाऱ्या वृद्धांना सार्वजनिक रुग्णालयापेक्षा ते अधिक आपलेसे वाटत.

१ डिसेंबर १९६५ ते एप्रिल १९७३ या काळात बारादेरो–मायॅमी या विमानफेऱ्यांनी अडीच लाखांहून अधिक लोक आले. लष्करी सेवेच्या वयाच्या तरुणांना क्यूबन शासन बाहेर जाऊ देत नसे. त्यामुळे आलेल्यांत स्त्रिया व वृद्ध यांचे प्रमाण मोठे राहिले. पुढे क्यूबन समाज हा अमेरिकेतील स्पॅनिशभाषक गटांत वयाने सर्वांत प्रौढ ठरला, त्याचे हे एक कारण होय. घरातील स्त्री कारखान्यात जाऊ लागली, आजीआजोबा दिवसभर एकटे राहू लागले आणि मुले इंग्रजीत वाढू लागली. मायॅमी विद्यापीठातील होसे सापोचनिक व त्यांचे सहकारी यांनी १९७० नंतरच्या दशकात या पिढ्यांतील अंतराचा अभ्यास केला. मुले नव्या संस्कृतीशी जितक्या वेगाने एकरूप होतात, तितक्या वेगाने आईबाप होत नाहीत आणि त्यातून कलह व किशोरांचे व्यसन उद्‌भवते, असे त्यांना आढळले. संपूर्ण कुटुंब हाच उपचाराचा घटक मानणारी पद्धती त्यांनी विकसित केली.

यशाच्या प्रतिमेची मर्यादा : क्यूबन समाज स्वकष्टाने वर आला, अशी प्रतिमा वृत्तपत्रांनी रूढ केली होती. राफाएल प्रोईआस व लूर्देस कासाल यांच्या १९७३ मधील पाहणीने तिच्या आड दडलेल्या गरजा पुढे आणल्या. कुटुंबाचे उत्पन्न बऱ्यापैकी दिसे, ते अनेकदा घरातील स्त्रीसह एकाहून अधिक माणसे मिळवीत म्हणून. वृद्ध मात्र दारिद्र्यात होते आणि उपलब्ध सार्वजनिक सेवांचा लाभ घेण्याचे प्रमाण कमी होते. गरज नाही असे गृहीत धरल्याने सेवा नाहीत आणि सेवा नसल्याने गरजेची नोंद नाही, असे हे चक्र होते. याच सुमारास मायॅमीत क्यूबन नियोजन परिषद (१९७२) व वृद्धांना भोजन आणि सोबत देणारी ‘लिटल हाव्हॅना’ भागातील केंद्रे स्थापन झाली.

मारिएल व नंतर : एप्रिल ते ऑक्टोबर १९८० या काळात मारिएल बंदरातून सु. १,२५,००० लोक नौकांनी आले. हे बहुतांशी कामगारवर्गीय होते. त्यांत पुरुष अधिक होते, कृष्णवर्णीयांचे प्रमाण पूर्वीच्या लाटांपेक्षा मोठे होते आणि अनेकांचे अमेरिकेत कोणीच नातेवाईक नव्हते. तुरुंगांतून व मनोरुग्णालयांतून आणलेला गट लहान होता. परंतु त्याच्यामुळे सर्वांनाच कलंक लागला. प्रायोजक न मिळालेल्यांना एग्लिन, फोर्ट चाफी, फोर्ट मकॉय व इंडियनटाउन गॅप येथील लष्करी तळांवर ठेवण्यात आले. चाफी येथे जून १९८० मध्ये दंगल झाली. मायॅमीत महामार्गाखाली तंबूंची वसाहत उभारावी लागली.

१९८० च्या निर्वासित कायद्यानुसार छळाची प्रत्येक व्यक्तीपुरती शहानिशा आवश्यक होती. म्हणून शासनाने या लोकांसाठी व त्याच वेळी येणाऱ्या हैतियनांसाठी ‘प्रवेशित’ असा नवा दर्जा निर्माण केला. त्यांना निर्वासितांसारख्या सेवा देण्याची तरतूद ऑक्टोबर १९८० मध्ये झाली. १९६६ च्या क्यूबन समायोजन कायद्याचा लाभ मारिएलच्या लोकांना १९८४ च्या अखेरीपासून मिळू लागला. हैतियनांना १९८६ च्या स्वतंत्र कायद्याची वाट पाहावी लागली. कोणाची गरज मान्य व्हावी, हे गरजेच्या तीव्रतेपेक्षा परराष्ट्रधोरणावर अधिक अवलंबून होते, हे या तुलनेवरून स्पष्ट होते.

१९९४ च्या उन्हाळ्यात तराफ्यांवरून निघालेल्या तीस हजारांहून अधिक लोकांना समुद्रात अडवून ग्वांतानामो तळावर ठेवण्यात आले. १९९५ पासून किनाऱ्यावर पाय ठेवणाऱ्यास आश्रय व समुद्रात सापडणाऱ्यास परतवणी, असे धोरण राहिले. ते १२ जानेवारी २०१७ रोजी रद्द झाले. क्यूबातील अन्न, औषधे व वीज यांच्या टंचाईमुळे २०२१ नंतर स्थलांतराची सर्वांत मोठी लाट आली. केवळ २०२२ या वित्तीय वर्षात अमेरिकेच्या सीमांवर सु. २,२४,००० क्यूबनांची नोंद झाली. जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालेली तात्पुरत्या प्रवेशाची योजना २०२५ मध्ये रद्द करण्यात आली. या लाटेतील अनेकांना १९६६ च्या कायद्याचा लाभ घेता आला नाही. परिणामी पूर्वीच्या निर्वासितांना अनायासे मिळालेल्या आरोग्य व साहाय्य सेवा या नवागतांपैकी अनेकांच्या बाबतीत कागदपत्रांच्या प्रश्नात अडकल्या.

अशा प्रकारे सहा दशकांत या समाजात एका टोकास क्रांतीनंतर तरुणपणी आलेले व आता वार्धक्यात असलेले नागरिक, तर दुसऱ्या टोकास दर्जाविना असलेली नवी कुटुंबे अशी स्थिती निर्माण झाली. दीर्घकालीन शुश्रूषा ही पहिल्यांची, तर कायदेशीर साहाय्य, भाषाशिक्षण व प्राथमिक उपचार ही दुसऱ्यांची प्रमुख गरज होय. पहिल्या पिढीच्या यशास शासकीय मदतीची केवढी जोड होती, याची जाणीव ठेवल्याखेरीज दुसऱ्यांच्या अडचणींचे योग्य मूल्यमापन होऊ शकत नाही.