चार पावलांचा इतिहास

गेल्या श्रावणात शाळेच्या पायरीवर माझा घोटा मुरगळला. डॉक्टरांनी हाडे चाचपली, चार पावले चालवून पाहिले आणि म्हणाले, "गुरुजी, फोटो नको." मला वाटले, मास्तराचा खिसा पाहून बोळवण केली!

पुढे कळले, ही चार पावले कॅनडातील ओटावाची. घोटा दुखावला की तेथे बहुतेकांचा क्ष-किरण फोटो काढीत. हाड मात्र शंभरांत पंधरांचेही मोडलेले नसे. १९९२ साली डॉ. इयन स्टील व सहकाऱ्यांनी ७५० रुग्ण तपासून नियम बसविला: घोट्याच्या हाडांचे टोक वा मागची कड दाबल्यावर दुखली, किंवा इजेनंतर लगेच आणि दवाखान्यातही चार पावले टाकवली नाहीत, तरच फोटो. १९९४ च्या अहवालात असे फोटो पाव हिश्शाहून अधिक घटलेले दिसले.

डॉक्टरांनी खिसा नव्हे, घोटाच पाहिला होता. मी मनोमन त्यांची क्षमा मागितली.