भंडारदऱ्यात बघायला काय आहे?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. शेंडीत एका टपरीवर चहा घेत बसलो होतो. पुण्याची गाडी थांबली, काच खाली झाली आणि आतल्या ताईंनी टपरीवरच्या पोराला विचारलं, "इथं बघायला काय काय आहे?"

पोरगं हुशार. पटापट सांगून मोकळं झालं. "धरण, अंब्रेला फॉल, रंधा धबधबा, सांदण दरी, रतनगड, कळसूबाई."

"अजून?"

"अजून काही नाही मॅडम."

गाडी गेली. पोरगं जवळच्याच एका वाडीतलं, महादेव कोळी समाजातलं. त्याचं उत्तर चुकीचं नव्हतं. आपण सगळेच असं सांगतो. हॉटेलांच्या बोर्डावर, रिसॉर्टच्या कागदावर आणि माझ्यासारख्या पत्रकारांच्या "वीकेंडला कुठे जाल" छाप बातम्यांमध्येही हीच यादी असते. पण ते "अजून काही नाही" माझ्या डोक्यातून जाईना. येत्या १० डिसेंबरला भंडारदरा धरणाला शंभर वर्षं पूर्ण होताहेत. सोहळे होतील, भाषणं होतील. त्याआधी हीच यादी घेऊन एकदा जलाशयाला चक्कर मारू. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

पहिलं धरण. १९१० ते १९२६, सोळा वर्षं काम चाललं. १० डिसेंबर १९२६ ला मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं आणि धरणाला त्यांचंच नाव लागलं. भिंत २७० फूट उंच, सगळी दगड-चुन्याची. त्या काळी देशातलं सर्वांत उंच धरण म्हणून ते गाजलं. साठा ११,०३९ दशलक्ष घनफूट, म्हणजे अकरा टीएमसी. हा आकडा आम्हा तालुक्याच्या पत्रकारांना झोपेतही पाठ असतो. जून लागला की घाटघरला पाऊस किती, रतनवाडीला किती, पांजऱ्याला किती, आज आवक किती आणि पंधरा ऑगस्टच्या आत धरण भरणार का, ही आमची दर वर्षीची बातमी. बावीस वर्षं मी ती लिहितोय.

धरण बांधलं कशासाठी? पर्यटनासाठी तर नाहीच. १८७६-७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे तीन दुष्काळ दख्खननं सोसले. माणसं आणि गुरं तडफडून मेली. सरकारनं मग १९०१ मध्ये सिंचन आयोग नेमला. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा पाऊस अडवायचा आणि कालव्यानं पूर्वेच्या अवर्षणी पट्ट्यात न्यायचा, ही दिशा त्या काळात पक्की झाली. दारणा, भाटघर आणि आपलं भंडारदरा ही त्याच पिढीतली धरणं.

आता पाणी कुठं जातं ते बघा. धरणातून सोडलेलं पाणी प्रवरेच्या पात्रातून खाली ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत जातं. तिथून डावा आणि उजवा असे दोन कालवे निघतात. संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासा हा सगळा पट्टा त्यावर उभा राहिला. ऊस आला, हरेगावचा खासगी कारखाना आला. पुढं १९५० च्या सुमाराला लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं सहकारी साखर कारखाना उभा राहिला. महाराष्ट्राच्या सहकाराची गोष्ट सगळे लोणीपासून सुरू करतात. माझं म्हणणं एवढंच, की ती गोष्ट शेंडीपासून सुरू होते. भिंत नसती तर कालवा नसता, कालवा नसता तर ऊस नसता.

आणि भिंतीच्या वरच्या अंगाला काय झालं? जलाशयाखाली गेल्या त्या दरीतल्या सपाट भाताच्या खाचरांच्या जमिनी. डोंगरात सपाट जमीन म्हणजे सोनं. तेव्हा १८९४ चा भूसंपादन कायदा होता. जमीन घ्यायची आणि पैसा मोजायचा, विषय संपला. पुनर्वसनाची जबाबदारी त्यात नव्हती. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा आला १९७६ ला. म्हणजे धरण पूर्ण झाल्यावर बरोबर पन्नास वर्षांनी. ज्यांची जमीन गेली ते डोंगराच्या अंगानं वर सरकले आणि वरकस जमिनीत नाचणी-वरई करू लागले. भंडारदऱ्याचं काम चालू असतानाच १९२१ ला मुळशीत सेनापती बापटांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. तो शाळेच्या पुस्तकात आहे. आपल्याकडच्या माणसांसाठी पुस्तकात एक ओळ नाही.

भिंतीबद्दल अजून एक. १९६९ ला धरणाला गळती लागली, भिंतीत तडे दिसले. पुढं मागच्या अंगानं आधाराचे भक्कम दगडी खांब देऊन धरण मजबूत केलं. आज फोटो काढताना भिंतीला जे जाड टेकू दिसतात ते हेच. अकोल्यातली म्हातारी माणसं त्या वर्षाची भीती अजून सांगतात. खालच्या गावांतल्या लोकांनी रात्री जागून काढल्या होत्या.

यादीतलं दुसरं नाव रंधा. १७० फुटांवरून प्रवरा कोसळते, काठावर घोरपडादेवीचं देऊळ. आता हा धबधबा पावसावर आणि धरणातून किती पाणी सोडलं यावर चालतो. "फोटोत होतं तेवढं पाणी नाही" म्हणून चिडणाऱ्या पाहुण्यांना हे सांगायला हवं. नदीला आता चावी आहे, आणि ती चावी पाटबंधारे खात्याच्या हातात असते.

शेंडीवरून जलाशयाच्या कडेनं निघालात की मुरशेत, पांजरे, उडदावणे करत घाटघर येतं. इथं कोकणकड्यावर धुक्यात सेल्फी निघतात. त्याच कड्याच्या पोटात २५० मेगावॅटचा वीजप्रकल्प आहे. विजेची मागणी वाढली की वरच्या तलावातलं पाणी खाली शहापूर तालुक्यात सोडून वीज तयार करतात. मागणी कमी असताना तेच पाणी पुन्हा वर चढवतात. शहरांच्या संध्याकाळच्या दिव्यांना हे पाणी असं वरखाली करतं. घाटघरला जिल्ह्यातला सर्वाधिक पाऊस. आणि एप्रिल-मे मध्ये याच डोंगरपट्ट्यातल्या काही वाड्यांवर बायका डोक्यावर हंडे घेऊन झऱ्यावर रांगेत बसलेल्या मी स्वतः बघितल्यात, एकदा नाही, अनेक उन्हाळे. समोर धरण दिसतंय आणि हंडा रिकामा. ही बातमी मी इतक्या वेळा दिली की संपादक म्हणायचे, "यात नवीन काय?"

पुढं साम्रद, सांदण दरी आणि मग रतनवाडी. इथलं अमृतेश्वराचं देऊळ शिलाहारांच्या काळातलं. दगडावरचं कोरीव काम बघत तासभर सहज जातो. प्रवरेचा उगम मागच्या रतनगडावर. नदी जिथं उगम पावते तिथं शंकराचं देऊळ बांधायचं ही जुनी रीत. हीच प्रवरा पुढं नेवाशाला जाते, जिथं ज्ञानेश्वरी सांगितली गेली. हे सांगितलं की पाहुण्यांचे डोळे एकदम बदलतात, हा माझा अनुभव आहे.

रतनगडावर लोक नेढं बघायला चढतात. पण हा किल्ला राखायचं कोण? इथलेच महादेव कोळी. किल्ल्यांची राखण, घाटवाटांचा पहारा ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची वतनं होती. १८१८ ला पेशवाई गेली. इंग्रजांनी ठिकठिकाणी किल्ल्यांच्या वाटा सुरुंगानं उडवल्या, शिबंदी मोडली, पगार तोडले. हातचं काम गेलं आणि सावकाराचं कर्ज मानगुटीवर बसलं. त्यातून उठाव झाले. १८२८-२९ च्या सुमाराला रामजी भांगरे उठले, नंतर त्यांचे चिरंजीव राघोजी. हे आपल्या राजूरजवळच्या देवगावचे. सावकारांच्या वह्या आणि गोऱ्यांची सत्ता, दोन्हींविरुद्ध राघोजी लढले. २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. १८५७ च्या नऊ वर्षं आधी. या लोकांवर इंग्रजीत सविस्तर लिहिलं ते कॅप्टन मॅकिंटॉशनं, म्हणजे त्यांचे उठाव मोडणाऱ्या पोलीस दलाच्या अधिकाऱ्यानं. पकडणाऱ्यानं लिहिलेला इतिहास आपण दोनशे वर्षं वाचतोय.

धरणाला गव्हर्नरचं नाव, तलावाला आर्थर साहेबाचं. जलाशयाला राघोजींचं नाव हवं म्हणून तालुक्यानं आवाज उठवला, तो बरोबरच होता. पण नुसत्या नावानं भागत नाही. नावाखाली चार ओळींत माणूस सांगावा लागतो. नाहीतर टपरीवरचं पोरगं म्हणणार, "अजून काही नाही."

कळसूबाईचंही तेच. १६४६ मीटर, महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर. शनिवार-रविवारी बारी गावातून जत्रेसारखी रांग असते, शिड्यांवर खोळंबा. किती जणांना कळसूची गोष्ट माहीत असते? कोळ्याची पोर. घरात कामाला राहिली ती एका अटीवर, भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. एक दिवस तेच काम तिच्या गळ्यात घातलं. तिनं काम केलं आणि डोंगर चढून गेली ती परत आलीच नाही. आमच्या आजीला ही गोष्ट फार आवडायची. नवरात्रात अजूनही आयाबाया अनवाणी चढतात.

आता सगळ्यात नाजूक विषय. काजवे. मे संपता संपता, पहिल्या पावसाच्या आधी, हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडंच्या झाडं लुकलुकतात. पूर्वी यासाठी कोणी येत नव्हतं. आता एका रात्रीत गाड्यांची रांग लागते. हे लुकलुकणं म्हणजे नराचं मादीला बोलावणं. माद्या बऱ्याचदा खाली गवतात, झुडपात असतात. गाडीचे हेडलाइट, मोबाइलचे फ्लॅश आणि हातातल्या बॅटऱ्या पडल्या की त्यांना एकमेकांचा प्रकाश दिसत नाही. झाडाखाली गर्दी झाली की माद्या पायाखाली जातात. जोड्या जुळल्या नाहीत तर पुढच्या वर्षी काजवे कुठून येणार? हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, १९८६ पासून. वनखातं वेळेचे निर्बंध घालतं तेव्हा काही व्यावसायिक मंडळी नाराज होतात. त्यांना हात जोडून सांगतो, काजवा संपला तर तुमचा जून महिना संपला.

मी पर्यटनाच्या विरोधात नाही. स्पष्ट लिहितो, नाहीतर कमेंटमध्ये मला "विकासविरोधी" ठरवाल. याच पर्यटनामुळे कितीतरी पोरं नाशिक-मुंबईला कंपनीत राबायला न जाता गावात राहिली. तंबू लावतात, जेवण देतात, वाट दाखवतात. माझा मुद्दा वेगळा आहे. दरीतलं पाणी खाली गेलं, त्याचं भलं खाली झालं. आता दरीचं सौंदर्य विकलं जातंय. त्यातला मोठा वाटाही बाहेरच जाणार असेल, आणि आपल्या वाट्याला फक्त पार्किंगची पावती फाडणं येणार असेल, तर शंभर वर्षांत आपण काय शिकलो?

म्हणून शताब्दीच्या निमित्तानं चार साध्या मागण्या मांडतो.

एक, प्रत्येक ठिकाणी मराठीत फलक हवा. अंतर आणि सूचना नकोत, गोष्ट हवी. धरणावर जमिनी गेलेल्यांची, रतनगडावर किल्ला राखणाऱ्यांची, शेंडीत राघोजींची.

दोन, जलाशयाभोवतीच्या गावांतल्या पोरापोरींना वाटाड्याचं रीतसर प्रशिक्षण आणि ओळखपत्र द्या. पाहुण्यासोबत स्थानिक माणूस असणं सक्तीचं करा.

तीन, यादी वाढवा. याच तालुक्यात कोंभाळण्याला राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाण्यांची बँक उभी केली. २०२० ला त्यांना पद्मश्री मिळाली. पाहुणा धबधबा बघून पुढं त्यांच्या बियाण्यांच्या घरात गेला, इथला भात चाखून किलोभर विकत घेऊन गेला, तर पैसा थेट शेतकऱ्याच्या घरात जाईल.

चार, आणि हे आपल्यालाच करायचंय. आपापल्या घरातल्या नव्वदीच्या माणसांना बसवून विचारा. धरणावर कोण कामाला होतं, जमीन कुठली गेली, तिला काय म्हणायचे. मोबाइल आहेच हातात, रेकॉर्ड करा. ती माणसं आता थोडी उरलीत. पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबू नका.

परवा पुन्हा शेंडीला गेलो होतो. त्या पोराला राघोजींची आणि कळसूची गोष्ट सांगितली. ऐकून म्हणालं, "सर, हे आम्हाला आधी कोणी सांगितलंच नाही." चहाचे पैसे घेईना. मी दिलेच. पण त्याला म्हटलं, आता कोणी "अजून काय" विचारलं तर इथून सुरुवात कर.

तुमच्याकडे धरणाच्या काळातली घरची आठवण, जुना फोटो, जमिनीचा कागद असेल तर खाली लिहा. एकत्र करू. आणि पोस्ट पटली तर पुढं पाठवा, विशेषतः या डिसेंबरच्या कार्यक्रमाच्या व्यासपीठावर ज्यांच्या खुर्च्या असणार आहेत त्यांना.