ख्रिस्ती अराज्यवादाचा दैनंदिन आचार : कॅथलिक वर्कर चळवळ

येशूचा उपदेश प्रमाण मानून राज्यसंस्थेची सक्ती नाकारणे, हे ख्रिस्ती अराज्यवादाचे मूलतत्त्व होय. टॉलस्टॉयने त्याची तात्त्विक मांडणी केली. डोरोथी डे व पीटर मॉरिन यांच्या कॅथलिक वर्कर चळवळीने त्यास दैनंदिन आचाराचे रूप दिले. १ मे १९३३ रोजी न्यूयॉर्कमध्ये एक सेंट किमतीच्या वृत्तपत्राद्वारे या चळवळीचा प्रारंभ झाला. भुकेल्यास अन्न व बेघरास आसरा देणे हे प्रत्येकाचे वैयक्तिक कर्तव्य असून ते शासनावर सोपवता येत नाही, या धारणेतून तिची आतिथ्यगृहे उभी राहिली.

या आचाराची खरी कसोटी पैशाच्या व्यवहारात लागली. न्यूयॉर्क शहर प्रशासनाने चळवळीची इमारत संपादित करून मोबदल्यावर व्याजही दिले. व्याज घेणे चर्चच्या जुन्या शिकवणीनुसार निषिद्ध असल्याने डे यांनी मूळ रक्कम ठेवून व्याजाचे ३,५७९ डॉलर १९६० मध्ये परत केले. दानधर्मासाठी शासकीय मान्यता घेणे अमान्य असल्याने चळवळीने करसवलतही मागितली नाही. परिणामी १९७२ मध्ये कर खात्याने सुमारे ३ लाख डॉलरची मागणी केली. ती त्याच वर्षी मागे घेण्यात आली.

राज्यसंस्था उलथविण्याचा प्रयत्न या चळवळीने केला नाही. शासनाची सवलत नाकारल्याची किंमत मोजण्याची तयारी मात्र तिने ठेवली. तिच्या अराज्यवादाचे मर्म या तयारीत आहे.