भंडाऱ्याच्या धानाचं समुद्राच्या तळाशी काय नातं?

मित्रांनो, आपला जिल्हा समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर. त्यामुळे "आपल्याला समुद्राशी काय करायचं?" असं विचारणारे बरेच भेटतात. त्यांच्यासाठी आज थोडा इतिहास सांगतो.

साल १७५१. हेन्री एलिस हा इंग्रज कप्तान गुलामांच्या व्यापारातलं जहाज घेऊन अटलांटिक महासागरात होता. त्याने झडपा लावलेली बादली दोराने ५,३४६ फूट खाली सोडली. वरचं पाणी सुमारे २९ अंश सेल्सिअस, खालून आलेलं जेमतेम १२! कप्तानाने ते पाणी आंघोळीला आणि दारू गार करायला वापरलं. त्या जहाजाचा धंदा लाजिरवाणा होता, पण नोंद मोलाची ठरली.

डोक्यावर तळपता सूर्य, मग खाली एवढं गार पाणी आलं कुठून? याचं उत्तर अठराव्या शतकाच्या अखेरीस काउंट रमफोर्डने मांडलं: ध्रुवांकडे गार झालेलं पाणी जड होऊन बुडतं आणि तळातळाने विषुववृत्ताकडे सरकतं.

आपल्या मामा तलावांतही हिवाळ्याच्या रात्री वरचं पाणी गार होऊन खाली जातं. समुद्रात त्यात मिठाची भर पडते. पाणी गोठताना बर्फ बरंचसं मीठ मागे सोडतो, म्हणून उरलेलं पाणी आणखी खारं, आणखी जड होतं. पण थेट खोल समुद्रात बुडी मारणारं पाणी जगात मोजक्याच ठिकाणी तयार होतं: उत्तरेला ग्रीनलंडच्या आसपास, दक्षिणेला अंटार्क्टिकाच्या काठावर. तिथल्या केप डार्नलीजवळ असं पाणी तयार होतं, हे जपानी शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं. आपलं 'भारती' संशोधन केंद्र अंटार्क्टिकाच्या त्याच बाजूला, प्रिड्झ उपसागराच्या किनाऱ्यावर आहे.

याचं छोटं रूप आपल्या अरबी समुद्रातही दिसतं. ज्या दिवसांत आपण शेकोट्या पेटवतो, त्याच दिवसांत उत्तर अरबी समुद्रावर ईशान्येचा कोरडा वारा वाहतो. माठ पाझरून गार होतो ना, तसंच तिथे पाण्याची वाफ होऊन वरचा थर गार होतो. वाफ उडते, मीठ मागे राहतं. हे जड पाणी तळापर्यंत जात नाही, पण शंभरेक मीटरपर्यंत घुसळण होते आणि खालचं खत वर येतं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात हे मांडलं. या खतावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, आणि त्यांच्यावरच पुढे मासळी पोसते.

आता मुद्द्याचं. बुडणारं पाणी उष्णता आणि प्राणवायू खोलवर नेतं. अटलांटिकमधलं हे चक्र या शतकात मंदावेल, असं २०२१ चा आयपीसीसी अहवाल सांगतो. ते अचानक कोलमडलं, तर आशियातला मान्सूनही दुबळा होऊ शकतो, हेही त्यातच आहे. तसं होईलच असं नाही. पण आपल्या झाडीपट्टीत रोवणी पावसावर, मामा तलाव पावसावर आणि वैनगंगाही पावसावरच.

म्हणून समुद्र मोजण्यावरचा सरकारी खर्च कुणाला वायफळ वाटला, तर त्याला एवढंच सांगा: बांधीतल्या पाण्याचा हिशोब पार अंटार्क्टिकापर्यंत जातो. हे मोजमाप थांबू नये, ही मागणी मुंबई-गोव्याइतकीच आपलीही असली पाहिजे.

तुम्हाला काय वाटतं?