कुंदगोळची गाडी

हुबळीच्या दाजीबानपेठेतल्या आमच्या घरी गायिका गंगूबाई हनगलांचा विषय निघाला की आज्जी पानाचं तबक पुढं ओढायची. बोलायची, पण अंबाबाईंबद्दल. गंगूबाईंची आई. धारवाडात शुक्रवारपेठेत त्या कर्नाटकी गायच्या आणि अब्दुल करीम खाँसाहेब ते ऐकायला यायचे, हे आज्जीला तिच्या आईकडून कळलेलं. लेकीनं हिंदुस्तानी शिकावं म्हणून अंबाबाईंनी १९२८ साली बिऱ्हाड हुबळीला हलवलं आणि पोरीच्या कानात भेसळ नको म्हणून स्वतःचं गाणं थांबवलं. आज्जी म्हणायची, "लेकरासाठी आईनं जेवण सोडल्याचं ऐकलं होतं रे, गाणं सोडल्याचं नाही." चारच वर्षांनी अंबाबाई गेल्या.

देशपांडेनगरातलं 'गंगालहरी' हे गंगूबाईंचं घर. आता तिथं संग्रहालय आहे. तुळजाभवानीच्या देवळापासून रिक्षानं निघालो, बाजाराची गर्दी ओलांडली की पोचलोच. नाव संग्रहालय, पण चप्पल आपसूक बाहेर निघते. वाद्यं, फोटो, मानचिन्हं. १९७१ चं पद्मभूषण, २००२ चं पद्मविभूषण. मानचिन्हांपुढं मला फार वेळ थांबता येत नाही, सगळी सारखीच चकाकतात. तंबोऱ्यापुढं मात्र थांबलो. सुरुवातीच्या रेकॉर्डींवर या बाईंचं नाव 'गांधारी' असं छापलेलं होतं आणि आवाज होता बारीक, उंच. पुढं टॉन्सिलचं दुखणं झालं, आवाज खाली उतरला. दुसऱ्या कुणी गाणं गुंडाळून ठेवलं असतं. यांनी त्या जाड, बाप्याच्या म्हणाव्या अशा आवाजातच घर बांधलं.

गुरू सवाई गंधर्व राहायचे कुंदगोळला. हुबळीहून रेल्वेनं जायचं, संध्याकाळच्या गाडीनं परतायचं. तेव्हा तिथं शिकणारा पोरगेला भीमसेन जोशी या अक्काला स्टेशनापर्यंत सोडायला यायचा. शिकवणं काय, तर एकच पलटा, दिवसच्या दिवस. कंजुषानं पैसा मोजावा तसा सूर खर्च करायचा, ही गुरूची ताकीद. संग्रहालयातला तंबोरा पाहून हे कळत नाही. त्यांचा विलंबित ख्याल ऐकला की कळतं.

कळत नाही असं आणखी एक आहे, आणि ते आज्जीनं शेवटच्या आजारपणात सांगितलं. ती सात-आठ वर्षांची असेल. स्टेशनच्या वाटेवर पोरं उभी असायची. गंगूबाई दिसल्या की ओरडायची, "गाणेवाली! गाणेवाली!" घराघरांतून मोठी माणसं ऐकायची, कुणी दटावायचं नाही.

"तू काय करायचीस?"

"मीपण ओरडले." थोड्या वेळानं म्हणाली, "दोनदा."

गंगूबाईंनी स्वतः सांगितलेली आंब्यांची गोष्ट मला तेव्हा आठवली. लहानपणी त्यांनी शेजाऱ्याच्या बागेतले आंबे चोरले. मालकाला चोरीचं एवढं वाटलं नाही, गाणारणीची पोर आपल्या आवारात शिरली याचं वाटलं. नाव झाल्यावर तीच माणसं सन्मानानं बोलावू लागली. गंगूबाई हे हसत सांगायच्या म्हणतात. त्यांनी हसावं, तो त्यांचा अधिकार. आज्जीला हसता आलं नाही. रेडिओवर त्यांचं गाणं लागलं की ती भांडी घासायची थांबायची, पण वर बघायची नाही. आम्हाला वाटायचं, गाण्यात रमलीय.

२१ जुलै २००९ ला गंगूबाई गेल्या. शहाण्णव वर्षांच्या होत्या; डोळे दान केलेले.

हुबळीला आलात तर 'गंगालहरी' बघाच. पण अर्धा दिवस राखून ठेवा आणि बेंगळुरूकडची पॅसेंजर पकडा. कुंदगोळला ती अजून थांबते.