‘नो डिस्क’

गेल्या चवथीला घर भरले होते. गावच्या जत्रेतील नाटकाची जुनी सीडी लावायचे ठरले. वडिलांनी त्यात काम केले होते. आज ते नाहीत. प्लेअर थोडा घरघरला आणि पडद्यावर अक्षरे आली, ‘नो डिस्क’. डिस्क तर आत होती!

या कोड्याचे उत्तर सीडीच्या जन्मातच आहे. फिलिप्स आणि सोनी यांनी मिळून ती घडवली आणि १ ऑक्टोबर १९८२ रोजी सोनीचा सीडीपी-१०१ हा प्लेअर जपानमध्ये विक्रीला आला. ग्रामोफोनची सुई तबकडीला घासायची, इथे मात्र फक्त उजेड शिवतो. लेझरचा किरण १.२ मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिकमधून जातो आणि वरच्या चकचकीत थरावर आपटून परततो. तो परतला नाही, की प्लेअर समजतो, आत काही नाहीच.

ओरखड्यांचा विचार मात्र आधीच झाला होता. इर्व्हिंग रीड आणि गुस्टाव सॉलोमन यांनी १९६० साली मांडलेल्या गणितावर सीडीची चूक-दुरुस्ती चालते. त्यामुळे मागावरची सुमारे अडीच मिलिमीटरची सलग खोट भरून निघते. म्हणून सीडी गोल गोल पुसू नये. मधून कडेकडे सरळ पुसावी. आडवा ओरखडा चालून जातो, मागाच्या दिशेचा नाही. आणि छापील बाजू जास्त जपावी, कारण चकचकीत थर तिच्या लगेच खाली असतो.

दमट हवा हा दुसरा शत्रू. मध्य अमेरिकेतील बेलीझमधल्या एका सीडीचा थर बुरशीने खाल्ल्याचे स्पॅनिश संशोधकांनी २००१ साली दाखवले होते. आपला पावसाळा काय कमी आहे?

मग दोष कोणाचा, हे कसे ओळखावे? दुसरी सीडी लावून बघा. ती चालली तर दोष पहिलीत. डीव्हीडी चालते पण एकही सीडी नाही, तर सीडीचा लेझर थकला असेल. डीव्हीडी प्लेअरमध्ये दोन्हींसाठी वेगळ्या तरंगलांबीचा उजेड असतो. आमच्याकडे काहीच चालेना. दुरुस्ती करणाऱ्याने भिंगावरची धूळ कापसाने हळूच पुसली आणि नाटक सुरू झाले.

तिसऱ्या अंकात ते अडखळले. घरी भरलेल्या सीडीत खळगे नसतात, रंगाचा थर असतो, आणि तो वर्षांगणिक विटतो. त्याच रात्री संगणकावर प्रत काढली. तिसऱ्या अंकातला वडिलांचा एक प्रवेश मात्र आलाच नाही.

तुमच्या कपाटातही अशी एखादी सीडी असेल. चालते आहे तोवर तिची प्रत काढून घ्या.