क्षिप्रेच्या पाण्याची वही

उज्जैनचा रामघाट आपल्या घरांना ठाऊक असतो तो सिंहस्थामुळे. इतिहासाची आवड असणारे पुढे जाऊन सांगतात की, महाकालाचे मंदिर राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी अठराव्या शतकात पुन्हा उभारले. मला मात्र या घाटाचा एक धाकटा इतिहास सांगायचा आहे. तो आहे पाण्याची बाटली घेऊन पायऱ्या उतरणाऱ्या बी.एस्सी.च्या मुलांचा.

उज्जैनच्या विद्यापीठाची स्थापना १९५७ ची. पण पदवीच्या सरसकट सगळ्या मुलांना नदीकडे वळवले ते न्यायालयाने. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९१ मध्ये पर्यावरणाचे शिक्षण सक्तीचे करण्याचा आदेश दिला. तो वर्गात पोचायला बारा-तेरा वर्षे लागली! त्यासाठीचे पाठ्यपुस्तक लिहिले पुण्याच्या एरक भरुचांनी. जवळची एखादी प्रदूषित जागा पाहून यावी, असे त्या अभ्यासक्रमातच होते. २०२१ पासून मध्य प्रदेशात नवे शैक्षणिक धोरण आले आणि पदवीलाच प्रकल्प आला. तिथल्या मराठी घरातल्या मुलाची इथे एक गंमत होते. घरी ज्याला 'संशोधन' म्हणायचे, त्याला कॉलेजात 'शोध' म्हणतात. आणि हिंदीत 'संशोधन' म्हणजे दुरुस्ती! आपल्या सीमाभागातल्या वाचकांना अशा फजितीचे नवल वाटणार नाही.

मी रसायन शिकवले आहे, म्हणून बाटलीबद्दल थोडे सविस्तर लिहितो. पाण्यातला प्राणवायू मोजण्याची रीत हंगेरीच्या विंकलरने १८८८ साली दिली. बुडबुडा राहू न देता बाटली भरायची आणि दोन द्रावणे घाटावरच घालायची. प्रयोगशाळेत जाईतो थांबले तर प्राणवायू बदलतो. गाळ तपकिरी आला तर पाण्यात जीव आहे. पांढराच राहिला तर प्राणवायू संपला. दुसरी बाटली अंधारात वीस अंशांवर पाच दिवस ठेवतात. जंतूंनी किती प्राणवायू खाल्ला, ते त्यावरून कळते. हे पाच दिवस आले विलायतेतून: तिथल्या नद्यांचे पाणी तेवढ्यात समुद्राला मिळते, असा हिशेब होता. आपल्या उष्ण हवेत सत्तावीस अंशांवर तीन दिवसही चालतात. जीवशास्त्राची मुले तोवर नळ्यांत जंतू वाढवून वायू धरतो का, ते पाहतात. स्नानाच्या पाण्यात लिटरमागे प्राणवायू निदान ५ मिलिग्रॅम हवा, आणि जंतूंची मागणी ३ च्या आत.

खरी अडचण पुढे आहे. रामघाटावरचे पाणी कोणाचे? इंदूरचे सांडपाणी घेऊन येणारी कान्ह नदी घाटाच्या वर, त्रिवेणीला क्षिप्रेत मिळते. २०१६ च्या सिंहस्थाआधी तिचे पाणी वळवण्यासाठी जलवाहिनी घातली. २०१४ पासून नर्मदेचे पाणी उचलून क्षिप्रेत सोडण्याची सोय आहे, आणि ते पर्वण्यांसाठी सोडतात. तरीही जानेवारी २०१९ च्या शनी अमावास्येला त्रिवेणीवर भाविकांनी चिखलात स्नान केले. म्हणजे एका मुलाने संक्रांतीला भरलेली बाटली नर्मदेची असू शकते आणि दुसऱ्याने मे महिन्यात भरलेली कान्हची. दोघांचे आकडे बरोबर, पण वहीत तारीख, वेळ, पायरी आणि वरून पाणी सोडले होते की नाही हे लिहिले नसेल तर दोन्ही निरुपयोगी.

आणि वह्या तरी कुठे राहतात? गुण मिळाले की प्रकल्प रद्दीत जातो, हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. दर वर्षीची मुले पहिल्यापासून सुरुवात करतात. मला याचेच वाईट वाटते, कारण या मुलांइतक्या नेमाने दर वर्षी घाटावर जाणारे दुसरे आहे कोण? सरकारी तपासणी असते, पण ती आजीला समजावून सांगायला घरी येत नाही. नातवाच्या हातातली निळी झालेली चंचुपात्रातली धार आजी पाहते, आणि तांब्यातले तीर्थ देवापाशी ठेवायचे की प्यायचे, हे तीच ठरवते.

पुढचा सिंहस्थ २०२८ चा. त्याआधीच्या वह्या कोणी एका कपाटात, सालवार लावून ठेवल्या, तर त्या पर्वणीचे पाणी कशाशी ताडायचे ते निदान ठाऊक असेल.